फ्लू उतरल्यावर येणारा दुसरा ताप: घरी लक्ष कसं ठेवायचं आणि दवाखान्यात कधी निघायचं

फ्लूच्या पेशंटला सगळ्यात जास्त कधी जपायचं, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, ताप १०३ वर असतो तेव्हा. मी सांगेन, ताप उतरल्यावर. माणूस उठून चहा मागतो, घरचे निर्धास्त होतात, आणि तिथून पुढचा आठवडा खरा डोळ्यांत तेल घालून काढायचा असतो. फ्लूनंतर होणारा न्यूमोनिया याच आठवड्यात गाठतो.

मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका आहे. आमच्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर. दुसरी थोडी लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळ्यातली लाट नेमकी भातलावणीत येते. घरात एक माणूस झोपला की रोपं तशीच पडून राहतात, पैरा (एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबायचा करार) मोडतो, म्हणून चौथ्या दिवशी जरा घाम येऊन अंग हलकं झालं की माणूस इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन चिखलात उतरतो. "सिस्टर, ताप गेलाय की! आता कशाला बघताय?" हे मला दर आषाढात ऐकावं लागतं. कशाला बघायचं, ते समजावं म्हणूनच हे लिहिते आहे. कारण समजलं की लोक वही ठेवतात, हा माझा अनुभव आहे. नुसतं "काळजी घ्या" सांगून कुणी ठेवत नाही.

आत नेमकं काय बिघडतं

घशापासून फुफ्फुसापर्यंत जाणाऱ्या श्वासनळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींवर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. वाऱ्याबरोबर खाचरातलं भात एका बाजूला लवत जातं, तशी ती लव एका लयीत हलते आणि वरचा पातळ चिकट थर सतत घशाकडे ढकलत राहते. धूळ, धूर, जंतू त्या थरात अडकून वर येतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. निरोगी माणसाचं फुफ्फुस यामुळेच स्वच्छ राहतं.

फ्लूचा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो, तिथं वाढतो आणि त्या मारून बाहेर पडतो. मेलेल्या पेशी गळतात, जागोजागी अस्तर उघडं पडतं, लव नाहीशी होते. ताप तीन-चार दिवसांत जातो, पण हे अस्तर नीट भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर वर न ढकलली गेलेली घाण खालीच साचते.

विषाणूच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाचं एन्झाइम असतं. स्वाइन फ्लूच्या विषाणूला एच१एन१ म्हणतात, त्या नावातला 'एन' तो हाच. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल असतं. नवे तयार झालेले विषाणू त्यालाच चिकटून बसू नयेत म्हणून हे एन्झाइम ते तोडून टाकतं. त्या तोडफोडीत न्यूमोकॉकस नावाच्या जिवाणूला चिकटायला हव्या असलेल्या जागा उघड्या होतात, आणि सुटं झालेलं सियालिक आम्ल त्याला खायलाही मिळतं. हा न्यूमोकॉकस कुठून बाहेरून यावा लागत नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या, आणि लहान मुलांच्या तर फारच, नाकाघशात तो एरवी गपचूप राहत असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा हे जिवाणूही तसेच.

आता प्रतिकारशक्तीचं. फुफ्फुसाच्या टोकाला हवेचे बारीक फुगे असतात, त्यांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. खाली उतरलेला जिवाणू गिळून टाकणं हे त्यांचं काम. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की फ्लूनंतर यातल्या बऱ्याच पेशी मरतात, आणि उरतात त्यांची जिवाणू पकडायची क्षमता मंदावते. ती मंदावते कशानं? तर विषाणूशी लढायला शरीरानंच सोडलेल्या इंटरफेरॉन गॅमा या द्रव्यानं. इंटरफेरॉनचे दुसरे प्रकार न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारे संदेश कमी करतात. म्हणजे शरीर विषाणूशी नेटानं लढतं, पण त्याच लढाईत जिवाणूंकडची बाजू उघडी पडते. फ्लू होऊन साधारण आठवडा झाल्यावर ही बाजू सगळ्यात कमजोर असते. न्यूमोकॉकसचा जो थोडासा डोस निरोगी उंदीर सहज पचवतो, तोच डोस त्या वेळी जिवावर उठतो.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाखा हवालदिल झाला. सातारा जिल्हाही त्याच इलाख्यातला. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी १९१८-१९ च्या साथीत मेलेल्या ५८ जणांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले आणि हजारो जुन्या शवविच्छेदनांच्या नोंदी वाचल्या. बहुतेकांचा जीव फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं गेला होता, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा पेनिसिलीनचा शोधही लागला नव्हता, तो १९२८ चा. पण अँटिबायोटिकं मुबलक असलेल्या २००९ च्या स्वाइन फ्लूतही अमेरिकेत दगावलेल्या ७७ जणांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा २२ जणांत जिवाणूंचा संसर्ग सापडला. औषध असून भागत नाही, ते वेळेवर पोटात जावं लागतं.

पहिल्या दिवसापासून वही

मुलाची जुनी वही चालेल. ज्या दिवशी ताप आला तो पहिला दिवस, असं मोठ्या अक्षरात लिहा. दवाखान्यात "ताप कधीपासून?" या प्रश्नाला "झाले की चार-पाच दिवस" हे उत्तर मिळतं आणि डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना चार गोष्टी लिहायच्या: ताप, मिनिटाचे श्वास, घरात ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) असेल तर त्याचा आकडा, आणि लघवी किती वेळा झाली.

ताप डिजिटल थर्मामीटरनं काखेत मोजा, काख आधी कोरडी पुसून. हात लावून "गरम नाय" म्हणणं सोडा. आणि मोजायचा तो पॅरासिटामॉल घ्यायच्या आधी. गोळी घेतल्यावर दोन तासांनी बहुतेकांचा ताप उतरतो, त्यावरून काही कळत नाही. ताप गेला असं वहीत कधी लिहायचं? गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच. हा नियम मी फार कडक पाळायला लावते. ताप नसताना "असू दे, अंग दुखतंय" म्हणून दिवसातून तीनदा गोळी चालू राहिली, तर दुसरा ताप त्या गोळीखाली लपतो आणि आपले दीड-दोन दिवस जातात.

श्वास मोजायचा

ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. न्यूमोनियात ताप कमी-जास्त होईल, खोकला असेल-नसेल, पण श्वास वाढतो.

मोबाईलवर एक मिनिट लावा. पूर्ण मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही, विशेषतः बाळाचं, कारण बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच वेग घेतो. बाळ आईच्या मांडीवर शांत किंवा झोपलेलं असावं. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा धरू नका. झबलं वर करून पोटाकडे बघा, पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. आशाताई याच आकड्यांवर चालतात. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल, पीत नसेल, तर आकडा मोजत बसू नका, निघा.

मोठ्या माणसाचा शांत बसल्यावर १२ ते २० असतो. २४ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. ३० झाला तर थांबायचं नाही. एक युक्ती सांगते: आपले श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा.

ऑक्सिमीटर लावायच्या आधी माणसाला पाच मिनिटं बसवा, पावसात गारठलेली बोटं चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मेंदी असेल तर न रंगलेलं बोट घ्या. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली आला की डॉक्टर, ९० किंवा खाली आला की अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, तेव्हा ९५ दिसतंय पण माणूस धापा टाकतोय, असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.

औषधांचं

फ्लूवर ऑसेल्टामिवीर हे औषध आहे. ते वर सांगितलेल्या न्यूरामिनिडेजलाच अडवतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर उत्तम. गरोदर बाई, लहान बाळ, साठी-पासष्टी ओलांडलेली माणसं, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांना ताप आल्यावर "तीन दिवस बघू" करायचं नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांना दाखवायचं, औषध द्यायचं की नाही ते तेच ठरवतील.

अँटिबायोटिक पहिल्या दिवसापासून सुरू केलं तर पुढचा न्यूमोनिया टळेल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. विषाणूवर ते चालत नाही, आणि नाकाघशातले साधे जिवाणू मरून औषधाला न जुमानणारे मागे राहतात. मग खरी वेळ येते तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही. मागच्या वेळच्या पाकिटातल्या उरलेल्या चार गोळ्या तर मुळीच देऊ नका.

आणखी एक आग्रहाची विनंती. "एक सुई मारा, उद्या लावणीला जायचंय" असं म्हणून इंजेक्शन मागू नका. पटकन उभं करणाऱ्या सुईत कधी कधी स्टेरॉइड असतं. त्यानं ताप आणि अंगदुखी बसते खरी, पण आधीच कमजोर झालेली प्रतिकारशक्ती आणखी दबते. स्टेरॉइडला त्याची जागा आहे, ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची. सलाईननं ताकद येत नाही. पीत असलेल्या माणसाला पेज आणि पाणी पुरतं.

तापाला पॅरासिटामॉलच. मोठ्यांना ६५० ची गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तास अंतर. यकृताचा आजार असेल किंवा दारूचं व्यसन असेल तर आधी विचारा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. मुलांना अ‍ॅस्पिरीन कधीही नाही. पावसाळ्यात प्रत्येक ताप फ्लू नसतो, डेंगी आणि खाचरात राबणाऱ्यांना लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) होतो, म्हणून अंगदुखीच्या इतर जोरदार गोळ्या दुकानातून घेऊ नका. अंगावर पुरळ, डोळे पिवळे, लघवी लाल किंवा फार कमी, असं काही दिसलं तर या लेखाच्या भरवशावर राहू नका.

धूर आणि अंथरूण

लव आधीच गेलेली, त्यात धूर. आमच्याकडे पेशंटचं अंथरूण चुलीजवळ टाकायची पद्धत आहे, ऊब मिळते म्हणून. ऊब गोधडीनं द्या, चुलीपासून लांब झोपवा. तव्यावर मशेरी भाजायचं काम त्या पंधरवड्यात घरात नको, पेशंटनं मशेरी लावणंही नको. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं आजारी असताना तरी सोडावी, आणि घरातल्या दुसऱ्यानं पेशंटच्या खोलीत ओढू नये. थंडीतल्या लाटेत खाली कराड-वाळव्याकडे उसाचं पाचट पेटवतात. शेजारच्या फडाला काडी लागणार असेल तर म्हाताऱ्यांना आधीच दुसरीकडे हलवा.

दिवसभर आडवं राहायचं नाही. पाठीला उशी देऊन बसतं करा, दर दोन-तीन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावा, खोकला दाबून ठेवू देऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बसवूनच भरवा आणि रोज दात, जीभ, कवळी स्वच्छ करा, कारण तोंडातलेच जंतू चुकून श्वासनळीत उतरतात. हुलग्याचं माडगं, मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, ताक, जे जाईल ते थोडं थोडं. हळदीचं दूध द्या, घशाला बरं वाटतं, पण त्यानं न्यूमोनिया थांबेल असं धरून चालू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि मुलांना गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नका. भाजलेली मुलं पाहिलीत मी.

चौथा ते चौदावा दिवस

बरं वाटलं की वही बंद होते, तीच इथं चालू ठेवायची. ताप नसला तरी सकाळ-संध्याकाळ ताप आणि श्वास लिहायचे, ताप गेल्यापासून पुढे किमान आठवडाभर. या दिवसांत चिखलणी नाही, ओझं नाही, पावसात भिजणं नाही. पैऱ्यातला आपला दिवस दुसऱ्याला द्या, पुढच्या पंधरवड्यात फेडा.

एक किंवा दोन दिवस चांगले जाऊन पुन्हा ताप आला, बहुतेकदा हुडहुडी भरून, तर तो नवा ताप आहे असं धरा. त्याबरोबर श्वास आत घेताना बरगडीत एकाच जागी कळ येणं, बेडका घट्ट, पिवळा-हिरवा किंवा गंजाच्या रंगाचा होणं, आधी सुका असलेला खोकला एकदम वाढणं, ही जिवाणूंच्या न्यूमोनियाची चिन्हं. नुसत्या पिवळ्या बेडक्यावरून घाबरायचं नाही, तो साध्या सर्दीतही पडतो. ताप आणि श्वास त्याच्या जोडीला आहेत का, ते बघा.

आमच्या वरच्या वाडीतले एक तात्या असेच पाचव्या दिवशी नांगर धरून आले. सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला थंडी वाजली. "भिजलोय म्हणून," ते म्हणाले. सून बारावी झालेली, तिनं वही काढली. सकाळी १८ लिहिलेला श्वास आता ३२ होता. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "तात्यांचा श्वास दुपटीला आलाय, गाडी काढा." रात्री कराडला पोचले, उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला, अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन लगेच सुरू झाला. तात्या दसऱ्याला सोनं वाटत फिरत होते.

म्हाताऱ्या माणसांत हे चित्र वेगळं दिसतं. ताप येईलच असं नाही. आजी एकाएकी भलतंच बोलायला लागल्या, दिवस-रात्रीचं भान राहिलं नाही, अंथरुणात लघवी झाली, जेवण तोडलं, तर ते वयावर ढकलू नका, श्वास मोजा. मधुमेह असलेल्यांची साखर अचानक वाढते, तीही खूण आहे. आणि प्रत्येकाला मधले बरे दिवस मिळतातच असंही नाही. स्टॅफिलोकॉकसचा न्यूमोनिया कधी कधी फ्लूबरोबरच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो आणि काही तासांत माणूस ढासळतो, अगदी तरणाताठासुद्धा. ओठ किंवा नखं निळसर दिसली, बेडक्यातून रक्त आलं, एक वाक्य बोलताना दम लागला, तर दिवस कितवा ते बघायचं नाही.

निघायचं कसं

डोंगरातल्या वाड्यांसाठी मी उंबरठा खाली ठेवते. शहरात रात्री अकराला रिक्षा मिळते; आमच्याकडे पावसात रस्त्यावर दरड येते, ओढा फरशी पुलावरून वाहतो. म्हणून दुपारी चार वाजता शंका असेल तर चार वाजताच निघा. गाडी असलेल्या दोन घरांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. १०८ ला फोन करताना गावाबरोबर वाडी आणि रस्त्यावरची ओळखीची खूण सांगा, आणि जमलं तर पेशंटला डांबरी रस्त्यापर्यंत आणून ठेवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी दाखवता येईल, पण श्वास ३० च्या वर किंवा ऑक्सिजन ९० पर्यंत आला असेल तर थेट एक्स-रे, ऑक्सिजन आणि दाखल करायची सोय असलेल्या ठिकाणी जा: कराडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. वही, चालू गोळ्यांची पाकिटं, जुने कागद पिशवीत घ्या. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा: "अमक्या तारखेला ताप आला, अमक्या तारखेला गेला, मध्ये दोन दिवस बरे होते, काल पुन्हा आला, श्वास इतका आहे." या एका वाक्यानं त्यांचं निम्मं काम होतं.

अँटिबायोटिक सुरू झालं की सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, बरं वाटलं म्हणून मध्ये तोडायचं नाही. दोन-तीन दिवसांत ताप आणि श्वास उतरायला हवेत. नाही उतरले तर पुन्हा दाखवा, औषध बदलावं लागतं किंवा फुफ्फुसाभोवती पाणी झालंय का ते बघावं लागतं. थकवा पुढे महिनाभरसुद्धा राहतो. त्याला घाबरू नका.

पुढच्या पावसाळ्याआधी

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. आपल्याकडे ती एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी; परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांवरच्या बाळापासून सगळ्यांना चालते, गरोदर बाईनं तर जरूर घ्यावी, जन्मणाऱ्या बाळालाही पहिल्या महिन्यांत तिचं संरक्षण मिळतं. वारीला जाणाऱ्यांनी निघायच्या निदान पंधरा दिवस आधी घ्यावी. लोणंद, फलटणच्या मुक्कामांत हजारो माणसं एकत्र झोपतात आणि खोकला घेऊनच काही जण घरच्या म्हाताऱ्यांकडे परततात. परतल्यावर ताप-खोकला असेल तर चार-पाच दिवस मास्क लावा आणि नातवंडांपासून लांब झोपा.

न्यूमोकॉकसची लस वेगळी. बाळांना पीसीव्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. मोठ्यांत पासष्टीच्या पुढचे, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले, प्लीहा काढलेले, यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. ती दरवर्षी लागत नाही. बाळाचा नऊ महिन्यांचा डोस लावणीच्या गडबडीत राहून जातो, असं फार होतं. राहिला असेल तर लसीकरणाचं कार्ड घेऊन पुढच्या सत्राला या. उशीर झालाय म्हणून घरी बसू नका, उरलेला डोस कधी द्यायचा ते आम्ही तारीख बघून सांगतो.